कॅलरीचा हिशेब बरोबर, मग वजन अडतं कुठे?

मागे एकदा तीन महिने मी रोजचं खाणं वहीत लिहीत होतो आणि वजन जागचं हलत नव्हतं. वहीच्या हिशेबानं मी दिवसाला १५०० कॅलरींवर होतो. एवढ्यावर माझ्या अंगकाठीचा माणूस उतरायलाच हवा. शेवटी एका संध्याकाळी वैतागून, भाजी परतायला घेण्याआधी, रिकामं भांडं स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवलं, आकडा शून्यावर आणला आणि रोजच्यासारखंच बाटलीतून अंदाजानं तेल ओतलं. वहीत याची नोंद असायची ‘तेल, १ चमचा’. छोटा चमचा सपाट भरला तर त्यात साडेचार ग्रॅम तेल बसतं, म्हणजे ४० कॅलरी. काट्यावर आकडा आला २७ ग्रॅम. म्हणजे २४३ कॅलरी. दोन वेळचं धरलं तर रोजच्या ४०० कॅलरी वहीत आल्याच नव्हत्या. मी रोज जी तूट काढतोय असं समजत होतो, ती जवळजवळ सगळी त्या भांड्यातच भरून निघत होती.

खोटं मी लिहिलं नव्हतं. डोळ्यांना २७ ग्रॅम तेल ‘जरासं’च दिसतं.

यात मी एकटा नाही, हे पुढे वाचनात आलं. ‘आम्ही १२०० कॅलरींच्या आत खातो तरी वजन उतरत नाही, आमचा चयापचयच मंद आहे,’ असं सांगणाऱ्या काही जणांची न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी नीट तपासणी केली. १९९२ साली ती प्रसिद्ध झाली. या लोकांना हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड अणू असलेलं पाणी प्यायला देतात. पुढचे काही दिवस लघवीचे नमुने घेऊन ते अणू शरीरातून किती वेगानं बाहेर पडतात हे पाहिलं, की माणसानं प्रत्यक्ष किती ऊर्जा जाळली ते कळतं. यात माणसाच्या आठवणीवर किंवा प्रामाणिकपणावर काहीच अवलंबून नसतं. निघालं असं, की या मंडळींचा चयापचय अगदी ठीक होता. खाणं मात्र त्यांनी सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं होतं आणि हालचाल ५१ टक्के जास्त.

म्हणून वजनाच्या गोष्टीत पहिला संशय थायरॉइडवर घेण्याआधी चमच्यावर घ्यावा, असं माझं मत झालं आहे. थायरॉइडची तपासणी करून घ्यायला हरकत नाही. पण चमचा आधी.

कॅलरी म्हणजे काय मोजतो

एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसनं तापवायला जेवढी उष्णता लागते, ती खाण्याच्या पाकिटावरची एक कॅलरी. शास्त्रात हिला किलोकॅलरी म्हणतात. रोजच्या बोलण्यात ‘किलो’ गळून पडला आहे, एवढंच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांनी माणूस काही दिवस राहू शकेल अशी एक बंद खोली बांधली. आतला माणूस काय खातो, किती श्वास सोडतो, त्याच्या अंगातून किती उष्णता निघते, सगळं बाहेरून मोजायचं. खाल्लेली ऊर्जा आणि बाहेर पडलेली ऊर्जा यांचा मेळ बसला. शरीर काही निसर्गनियमांच्या बाहेर नाही, हे त्या खोलीत दिसलं. आजही पाकिटांवरचे आकडे त्यांच्याच कामावर उभे आहेत: एक ग्रॅम पिष्टमय पदार्थात ४ कॅलरी, एक ग्रॅम प्रथिनात ४, एक ग्रॅम स्निग्धात ९. मद्यातल्या अल्कोहोलमध्ये ७, हे अनेकांना माहीत नसतं किंवा माहीत करून घ्यायचं नसतं.

अंगावरची एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. निव्वळ स्निग्ध पदार्थ असता तर ९००० झाल्या असत्या, पण चरबीच्या पेशींत थोडं पाणी आणि प्रथिनंही असतात.

ही चरबी जाते कुठे? घामातून वितळून जाते, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २०१४ मध्ये याचा रासायनिक ताळेबंद मांडला. १० किलो चरबी जळली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड बनून श्वासावाटे बाहेर जाते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. घाम हा अंग थंड करण्याचा मार्ग आहे. प्लॅस्टिकचा सूट घालून किंवा वाफेच्या खोलीत बसून एका तासात जो एक किलो ‘जातो’, तो दोन पेले पाणी प्यायलं की बराचसा घरी परततो. आता जोरजोरात श्वास घेऊन बारीक होता येईल का, असं कुणी विचारेलच. नाही. चरबी आधी जळायला हवी, आणि ती जळते गरज पडली तरच.

एक उदाहरण मांडून बघू

समजा एक बाई आहेत. वय ४०, उंची १६० सेंटिमीटर, वजन ७५ किलो, काम बसून. नुसतं पडून राहिल्या तरी हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं चालू ठेवायला त्यांच्या शरीराला काही ऊर्जा लागणारच. ती अंदाजण्यासाठी १९९० मध्ये मांडलेलं एक सूत्र आजही सगळ्यात जास्त वापरलं जातं. किलोतल्या वजनाला १० नं गुणा, त्यात सेंटिमीटरमधल्या उंचीची ६.२५ पट मिळवा, त्यातून वयाची पाचपट वजा करा. शेवटी बाई असेल तर १६१ वजा, पुरुष असेल तर ५ अधिक. या बाईंसाठी ७५० अधिक १००० वजा २०० वजा १६१, म्हणजे १३८९.

दिवसभरात उठणं, बसणं, घरातली कामं, अन्न पचवणं हे सगळं धरण्यासाठी या आकड्याला बैठ्या माणसाच्या बाबतीत १.४ च्या आसपास गुणतात. उत्तर साधारण १९४५. एवढं खाल्लं तर वजन आहे तिथे राहील. त्यातून ५०० कमी केल्या, १४४५ वर आल्या, तर आठवड्याला ३५०० कॅलरींची तूट. ७७०० नं भागा: आठवड्याला जेमतेम अर्धा किलो.

हा वेग ऐकून लोकांचा चेहरा पडतो. अर्धाच? पण सुरक्षित वेग म्हणून डॉक्टर जो सांगतात तो हाच, आठवड्याला अर्धा ते एक किलो. आणि त्यातही, ज्याच्याकडे उतरवायला फारसं नाही त्यानं एक किलोची आशा धरू नये.

हे सूत्रही अंदाजच देतं, हे विसरू नका. एकाच वयाच्या, एकाच वजनाच्या दोन माणसांत दिवसाला शे-दोनशे कॅलरींचा फरक सहज असतो. म्हणून आलेला आकडा सुरुवातीचा धरायचा, तीन-चार आठवडे तसं खाऊन बघायचं आणि मग स्वतःच्या काट्यावरून तो दुरुस्त करायचा.

शरीर गप्प बसत नाही

आता अडचणीचा भाग. वरच्या हिशेबाप्रमाणे रोज ५०० ची तूट वर्षभर ठेवली तर त्या बाई जवळपास २४ किलोंनी उतरायला हव्यात. तसं होत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये याचं जास्त खरं गणित मांडलं. रोजच्या खाण्यात कायमच्या साधारण २४ कॅलरी कमी केल्या की शेवटी एक किलो वजन कमी होतं, त्यातलं निम्मं पहिल्या वर्षात आणि जवळजवळ सगळं तीन वर्षांत. म्हणजे ५०० कमी केल्या तर एकूण २० किलो, पण पहिल्या वर्षी १० च. चोवीसची आशा धरलेल्या माणसाच्या हाती दहा आले की तो म्हणतो, जमलं नाही. खरं तर त्याला अगदी जमायला हवं होतं तेवढंच जमलेलं असतं!

असं का? एक कारण सरळ आहे. लहान शरीर कमी जाळतं. त्याच बाई ६५ किलोंवर आल्या की सूत्राप्रमाणे त्यांचा दिवसाचा खर्च १८०५ वर उतरतो. खाणं तेच १४४५, पण तूट आता ५०० ची राहिली नाही, ३६० झाली. कुणी काही चुकलेलं नाही, जमाखर्चाची खर्चाची बाजूच आखडली.

दुसरं कारण जास्त खट्याळ आहे. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटानं ते शोधलं. साठा किती शिल्लक आहे याची खबर ते मेंदूला देतं. चरबी घटली की लेप्टिन घटतं आणि मेंदू समजतो की दुष्काळ आला. भूक वाढवणारं घ्रेलिन वर जातं. २०११ मधल्या एका अभ्यासात वजन उतरवलेल्या लोकांची संप्रेरकं वर्षभरानंतर पुन्हा तपासली, तेव्हाही ती ‘खा, खा’ असंच सांगत होती. वजन उतरवल्यावर जास्त भूक लागणं हे मनाचा कमकुवतपणा आहे, असं म्हणणाऱ्यांनी हा अभ्यास डोळ्यांखालून घालावा.

तिसरं कारण आपल्या लक्षातही येत नाही. कमी खाणारा माणूस नकळत कमी हलतो. पाय हलवणं, बोलताना उठून फेऱ्या मारणं, जिन्यावरून दोनदा खाली-वर करणं, हे आपोआप घटतं. याची उलटी बाजू मेयो क्लिनिकच्या जेम्स लेव्हिन यांनी १९९९ मध्ये दाखवली होती. १६ जणांना आठ आठवडे रोज १००० कॅलरी जादा खायला घातल्या. कुणाची चरबी जेमतेम ३६० ग्रॅम वाढली, कुणाची सव्वाचार किलो. ज्यांची कमी वाढली त्यांनी व्यायाम केला नव्हता. त्यांची बसल्या-उठल्याची चुळबुळ वाढली होती. ‘ती कितीही खाते, अंगाला लागतच नाही’ असं आपण ज्यांच्याबद्दल म्हणतो, त्यांच्याकडे एकदा तासभर लक्ष ठेवून बघा. एका जागी बसलेल्या सापडणार नाहीत.

आणि तूट फार मोठी केली तर काय होतं, याचा सगळ्यात अंगावर येणारा पुरावा दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मिळाला. युद्धानं उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा खायला कसं घालायचं हे कळावं म्हणून अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग केला. हे तरुण स्वेच्छेनं आले होते. सहा महिने त्यांना दिवसाला सुमारे १५७० कॅलरी मिळत आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालावं लागे. त्यांचं वजन सुमारे पाव हिस्सा घटलं. पण ते सारखे गारठलेले असत, नाडी मंदावली, चिडचिड वाढली, आणि डोक्यात अन्नाशिवाय दुसरा विषय उरला नाही. स्वयंपाकाची पुस्तकं वाचत बसायचे. ताटल्या चाटायचे.

१५७० हा आकडा मी मुद्दाम लिहिला. आज कुणाच्याही हातात पडणाऱ्या आहार-तक्त्यांत यापेक्षा कमी आकडे सर्रास दिसतात. लहानखुऱ्या, बैठ्या बाईला तेवढं पुरेलही. पण त्या तरुणांची रोजची गरज याच्या दुप्पट होती, म्हणून त्यांच्यासाठी ती उपासमार ठरली. दुसऱ्याचा तक्ता आपल्याला चालत नाही तो याचसाठी. तूट मोजायची ती आपल्या स्वतःच्या गरजेतून, आणि ती १५ ते २५ टक्क्यांच्या आत ठेवली तर शरीराची ओरड सोसण्याइतपत राहते.

मग व्यायाम कशाला?

आपल्या उदाहरणातल्या बाई ४५ मिनिटं झपाझप चालल्या तर सुमारे २२५ कॅलरी जळतील. त्यातल्या ५५ घरी बसूनही जळल्याच असत्या. निव्वळ कमाई १७०. माझ्या त्या एका वेळच्या तेलातल्या २४३ देखील फिटत नाहीत. तेव्हा खाणं तसंच ठेवून नुसत्या चालण्यानं वजन उतरवायचं म्हटलं, तर फार धीर हवा.

त्यात व्यायामाची यंत्रं आणि मनगटावरची घड्याळं आशा लावतात. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मनगटावरची सात उपकरणं तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी बरोबर मोजले, पण जळालेल्या कॅलरींच्या बाबतीत सगळ्यात बरं उपकरणही सरासरी २७ टक्के चुकलं. ‘घड्याळ म्हणतंय ६०० जाळल्या, मग आज एवढं चालेल’ हा सौदा नेहमी तोट्यात जातो. घड्याळातल्या कॅलरी परत खायच्या नाहीत, एवढा नियम पाळला तरी पुरे.

तरीही व्यायाम हवाच, आणि त्याचं कारण वेगळं आहे. कमी खाऊन वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातो. काही केलं नाही तर उतरलेल्या वजनाचा साधारण पाव हिस्सा असा असतो. वजनं उचलणं, दंड-बैठका, रबरी पट्टा ताणणं अशा जोराच्या व्यायामानं शरीराला निरोप जातो की हा माल वापरात आहे, मोडू नका. इथे एक गैरसमज दूर करतो: स्नायू वाढवले की बसल्या बसल्या ढीगभर कॅलरी जळतात, असं सांगतात. एक किलो स्नायू दिवसाला साधारण १३ कॅलरी जाळतो. बस. स्नायू सांभाळायचा तो हालचाल, ताकद, हाडं, म्हातारपण आणि रक्तातली साखर यांच्यासाठी.

दुसरं म्हणजे, उतरलेलं वजन टिकवण्यात व्यायामाचा हात मोठा दिसतो. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालू आहे. किमान १३.६ किलो उतरवून ते वर्षभर तरी टिकवलेले लोक तिच्यात नाव नोंदवतात. आहार त्यांचे नाना प्रकारचे आहेत. पण बहुतेक जण रोज तासाभराच्या आसपास हालचाल करतात, आणि तीही मुख्यतः चालण्याची. ज्यांनी वजन उतरवलं आणि चालणंही सोडलं, त्यांचं बऱ्याचदा ये रे माझ्या मागल्या होतं.

तिसरं, वजनाचा काटा थोडाच हलला तरी लाभ मोठा मिळतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवरचा अमेरिकेतला मोठा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला १५० मिनिटं हालचाल आणि वजनात ७ टक्के घट, एवढंच उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. ७५ किलोंच्या माणसाला ७ टक्के म्हणजे सव्वापाच किलो. मला हा आकडा फार दिलासा देणारा वाटतो. आरशात फरक जेमतेम दिसेल, पण रक्ताच्या अहवालात नक्की.

किती करायचं? जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला असा: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल किंवा ७५ ते १५० मिनिटं जोमदार, शिवाय दोन दिवस तरी स्नायूंचा व्यायाम. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं, गाता येत नाही. दहा हजार पावलांचा आकडा मात्र वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचा मीटर’ असा होता. तो आकडा जगभर चिकटला. सध्या दिवसाला तीन हजार पावलं होत असतील तर पाच हजार करा, ते जमलं की पुढे सरका. पहिल्याच दिवशी धावायला जाऊन गुडघा धरून बसण्यापेक्षा ते बरं. नव्याचे नऊ दिवस संपल्यावरही जमेल असाच व्यायाम निवडा.

पोटाचे व्यायाम केले तर पोटाचीच चरबी जाते, हे खरं नाही. चरबी कुठून आधी काढायची हे शरीर ठरवतं, आपली विनंती ते ऐकत नाही.

ताटात काय

२०० कॅलरी म्हणजे बावीस ग्रॅम तेल, किंवा मूठभर दाणे, किंवा एक किलोहून जास्त काकडी. पोट अन्नाचं वजन आणि आकार ओळखतं, कॅलरी ओळखत नाही. कमी खाऊनही उपाशी न राहण्याची सगळी युक्ती इथेच आहे: भाज्या, फळं, कडधान्यं यांनी जागा भरायची, तेल-साखर-तळण मोजून घ्यायचं, आणि प्रत्येक जेवणात प्रथिनं ठेवायची.

प्रथिनांची गोष्ट जरा खास आहे. ती पचवण्यातच त्यांच्यातली २० ते ३० टक्के ऊर्जा खर्च होते. पिष्टमय पदार्थांत ५ ते १०, स्निग्धात जेमतेम ३ पर्यंत. पोट जास्त वेळ भरलेलं वाटतं आणि स्नायू टिकायला मदत होते. वजन उतरवताना शरीराच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम हे प्रमाण बहुतेकांना चालतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये.

केव्हिन हॉल यांचाच २०१९ चा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. २० माणसांना चार आठवडे रुग्णालयातच ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात बनलेलं, पाकीटबंद, अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं घरच्यासारखं. दोन्हीत समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, स्निग्ध, तंतू सारखेच. हवं तेवढं खा, असं सांगितलं. पाकिटातल्या अन्नावर लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत साधारण ९०० ग्रॅम वाढले. साध्या अन्नावर तेवढेच उतरले. त्यांना कुणी काही मोजायला सांगितलं नव्हतं.

कमी स्निग्ध की कमी पिष्टमय, या भांडणात मी पडत नाही. २०१८ मध्ये ६०० हून जास्त लोकांवर वर्षभर दोन्ही करून पाहिलं गेलं, फरक नगण्य निघाला. जे तुम्हाला पुढच्या वर्षीही खाववेल ते निवडा. आणि पेयं विसरू नका: ३३० मिलिलीटर गोड शीतपेयात ३५ ग्रॅमच्या आसपास साखर, म्हणजे १४० कॅलरी, आणि भूक जशीच्या तशी.

काटा रोज वेगळं का सांगतो

पहिल्याच आठवड्यात दोन किलो गेले की लोक हुरळून जातात. ते बहुतेक पाणी असतं. यकृतात आणि स्नायूंत सुमारे अर्धा किलो साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते आणि तिच्या दर ग्रॅमबरोबर तीन ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. खाणं कमी केलं की हा साठा आधी उपसला जातो, पाणी बाहेर पडतं. एक दिवस भरपेट जेवलं की ते परत येतं, आणि माणसाला वाटतं, आठवड्याची मेहनत पाण्यात गेली. मेहनत नाही गेली. पाणीच आलं.

खारट जेवण, पाळीचे दिवस, बद्धकोष्ठ, नव्यानं सुरू केलेला व्यायाम, यांपैकी कशानंही काटा एक-दीड किलो वर दाखवतो. हा एक नमुन्याचा आठवडा बघा: ७४.६, ७५.१, ७४.९, ७५.४, ७४.८, ७४.५, ७४.९. पहिल्या दिवसापेक्षा शेवटच्या दिवशी वजन वाढलेलं. पण सातही दिवसांची सरासरी ७४.९ येते. आधीच्या आठवड्याची ७५.३ असेल, तर सगळं अगदी ठरल्याप्रमाणे चाललं आहे. सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि फक्त सरासऱ्यांची तुलना करा. रोजच्या आकड्यानं ज्याचा दिवस खराब होतो, त्यानं काट्याऐवजी महिन्यातून दोनदा कंबर मोजावी. ती उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हा ढोबळ पण कामाचा अंदाज आहे.

झोपेबद्दल थोडक्यात. २०१० च्या एका छोट्या प्रयोगात तेवढ्याच कमी कॅलरींवर साडेपाच तास झोपणाऱ्यांची चरबी साडेआठ तास झोपणाऱ्यांपेक्षा निम्म्याहून कमी उतरली. उरलेलं वजन त्यांनी चरबीऐवजी स्नायू वगैरेंतून गमावलं.

इथे डॉक्टर आधी

गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल, वय १८ च्या आत असेल, तर कॅलरी कापायच्या भानगडीत स्वतःच्या मनानं पडू नका. ज्यांना कधी खाण्याशी संबंधित मानसिक आजार झाला आहे, त्यांच्यासाठी वही आणि काटा ही साधनं धोक्याची ठरू शकतात. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यानं खाणं एकदम कमी केलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोसही वजन उतरताना बदलावा लागतो. आधी डॉक्टरांना विचारून औषधाचं ठरवा, आहार मग.

देखरेखीशिवाय बायकांनी १२०० आणि पुरुषांनी १५०० कॅलरींच्या खाली जाऊ नये, असं साधारण मानलं जातं. ८०० च्या खालचे आहार तर डॉक्टरांच्या हाताखालीच. फार वेगानं वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. केस दोन-तीन महिन्यांनी गळू लागतात, तोवर माणूस आहाराचं विसरून शाम्पूला दोष देत असतो. पाळी चुकणं, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी, सतत गारठा ही चिन्हं दिसली तर तूट कमी करा. चालताना छातीत दुखलं किंवा दाटून आलं तर तिथेच थांबा आणि लगेच वैद्यकीय मदत मिळवा. आणि काहीही न करता वजन घटत असेल, तर आनंद मानू नका, तपासणी करा.

‘चरबी जाळणाऱ्या’ गोळ्यांबद्दल एक जुनी गोष्ट पुरे. १९३० च्या दशकात डायनायट्रोफेनॉल नावाचं रसायन बारीक होण्यासाठी विकलं जायचं. चरबी खरोखर जळायची. पण अंगातली उष्णता आवरेना, माणसं दगावली, आणि १९३८ मध्ये अमेरिकेत ते बंद झालं. आजही ते चोरून विकलं जातं आणि आजही माणसं दगावतात. भूक कमी करणारी हल्लीची इंजेक्शनं वेगळी. ती डॉक्टरांनी द्यायची खरी औषधं आहेत. पण त्यांतल्याच सेमाग्लुटाइड या औषधाच्या अभ्यासात ते थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आला. लेप्टिनची आठवण ठेवली तर यात नवल वाटू नये.

अडलं तर

तीन-चार आठवडे सरासरी हललीच नाही, तर आधी आठवडाभर सगळं काट्यावर मोजून खा. दहातल्या आठ वेळा उत्तर तिथेच सापडतं, असा माझा अनुभव. मोजमाप बरोबर असेल तर नव्या वजनावर सूत्र पुन्हा मांडा आणि शंभर-दीडशे कॅलरी कमी करा किंवा चालणं थोडं वाढवा. आणि तिसरा मार्ग, जो फारसा कुणी सुचवत नाही: उतरणं काही महिने थांबवा. आहे ते वजन टिकवण्यापुरतं खा, व्यायाम चालू ठेवा, मग पुढचा टप्पा. मी पहिल्या सहा किलोंनंतर असंच केलं. पाच महिने तिथेच राहिलो.

भांडं मी अजूनही महिन्यातून एकदा काट्यावर ठेवतो. मागच्या वेळी तेलाचा आकडा आला ११ ग्रॅम. वहीत ५ लिहिले होते.